परदेशातील खाजगी सहल आणि टिप: गैरसमज व वस्तुस्थिती

ठरलेल्या मोबदल्याव्यतिरिक्त सेवा घेणाऱ्याने सेवा देणाऱ्याच्या हाती स्वखुशीने ठेवलेली रक्कम म्हणजे टिप, ही व्याख्या सोपी वाटते. परंतु ठरलेल्या मोबदल्यात नेमके काय काय धरलेले आहे, हे देशागणिक आणि व्यवसायागणिक बदलत असल्यामुळे परदेशात गाइडला आणि ड्रायव्हरला किती द्यावे, या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे एक उत्तर नाही. हा फरक मुंबईतही अनुभवाला येतो. शीव कोळीवाडा, म्हणजे हार्बर मार्गावरील आजच्या गुरू तेगबहादूर नगर स्थानकाचा परिसर, मुंबई बेटाच्या उत्तरेकडील भागात येतो, आणि रिक्षांची हद्द शीवपाशीच संपत असल्याने तेथील कुटुंबाचा रोजचा संबंध काळ्या-पिवळ्या टॅक्सीशी येतो. 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये हा या टॅक्सीचा किमान दर असून मीटरवर दिसणाऱ्या आकड्यात टॅक्सीवाल्याचा संपूर्ण मोबदला आलेला असतो. सुटे नाहीत म्हणून सोडून दिलेल्या दोन-चार रुपयांना कोणी टिप म्हणत नाही. हेच कुटुंब कोकणात किंवा महाबळेश्वरला जाण्यासाठी गाडी ठरवते तेव्हा मात्र किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि नाइट हॉल्ट यांचा हिशेब वेगवेगळा विचारून घेते. परदेशातील खाजगी सहल, म्हणजे एकाच कुटुंबासाठी किंवा मित्रमंडळासाठी स्वतंत्र वाहन आणि बहुधा स्वतंत्र गाइड घेऊन केलेला प्रवास, हा व्यवहार मीटरच्या टॅक्सीपेक्षा या ठरवलेल्या गाडीच्या जवळचा आहे. टिपेविषयीचे बरेचसे गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्यामुळे निर्माण होतात.

गैरसमज 1: सहलीचे पैसे भरले की टिप त्यातच आली.

वस्तुस्थिती: ही समजूत ग्रुप टूरच्या अनुभवातून आलेली आहे. 1984 साली सुरू झालेली केसरी टूर्स आणि 2013 साली स्थापन झालेली वीणा वर्ल्ड यांसारख्या संस्थांमुळे मराठी मध्यमवर्गाला परदेश पाहण्याची जी पद्धत परिचयाची झाली, तीत सोबत टूर मॅनेजर असतो आणि जेवण, प्रवेशशुल्क, स्थानिक कोच, स्थानिक गाइड यांची व्यवस्था तोच पाहतो. ग्रुप टूरमध्ये टिपेची रक्कम एकतर एकूण किमतीत धरलेली असते किंवा प्रत्येक प्रवाशाकडून दर दिवसाच्या हिशेबाने घेतली जाते, त्यामुळे प्रवाशाला स्वतः पाकीट उघडण्याची वेळ क्वचितच येते. खाजगी सहलीत टूर मॅनेजर नसतो, म्हणून त्याच्याकडे असलेली ही जबाबदारी प्रवाशाकडे येते. किमतीत काय धरले आहे आणि काय नाही, याच्या दोन याद्या सहलीच्या कराराला जोडलेल्या असतात, आणि टिप बहुतेक वेळा दुसऱ्या यादीत सापडते. ती कोणत्याच यादीत नसेल तर लेखी खुलासा मागणे इष्ट.

गैरसमज 2: एकाच्या हाती पैसे दिले की ते सर्वांत वाटले जातात.

वस्तुस्थिती: गाइड आणि ड्रायव्हर हे अनेक देशांत दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत, त्यांचे परवाने वेगळे असतात आणि त्यांना काम देणारेही पुष्कळदा वेगळे असतात. इटली, ग्रीस, इजिप्त, तुर्कस्तान या देशांत पुरातत्त्वीय स्थळे आणि संग्रहालये यांची माहिती देण्याचे काम परवानाधारक गाइडच करू शकतो. वाहन चालवणारा माणूस कितीही जाणकार असला तरी त्याला प्रवेशद्वाराबाहेर थांबावे लागते. याउलट श्रीलंकेत चॉफर गाइड, म्हणजे वाहन चालवत असतानाच गाइडचेही काम करणारा, या वर्गाला पर्यटन विकास प्राधिकरणाचा स्वतंत्र परवाना मिळतो, त्यामुळे तेथे दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असू शकतात. माणसे दोन असतील तर रक्कम वेगवेगळी आणि प्रत्येकाच्या हाती द्यावी, हा संकेत या विभागणीतून आला आहे. गाइड शहरागणिक बदलत असेल आणि ड्रायव्हर संपूर्ण प्रवासात तोच असेल, तर गाइडचा हिशेब त्याचे काम संपते त्या दिवशी आणि ड्रायव्हरचा शेवटच्या दिवशी करणे सोयीचे ठरते.

वाटणीचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो गिर्यारोहणाच्या सहलींत. टांझानियातील 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारोवर गाइडशिवाय जाता येत नाही, आणि एका लहान गटाबरोबरही मुख्य गाइड, सहायक गाइड, स्वयंपाकी आणि ओझे वाहणारे पोर्टर असा मोठा ताफा असतो. टिपेची सगळी रक्कम मुख्य गाइडकडे सोपवली तर ती पोर्टरपर्यंत पूर्ण पोहोचेलच असे नाही. म्हणून पोर्टरांच्या हितासाठी काम करणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था वाटप पारदर्शक असावे असा आग्रह धरते. प्रत्येक कामासाठी किती रक्कम आहे हे सर्व ताफ्यासमोर जाहीर करून वाटप करणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

गैरसमज 3: दहा टक्के हा जगभर चालणारा हिशेब आहे.

वस्तुस्थिती: टक्केवारीचा हिशेब मुळात हॉटेलातील बिलाचा आहे, पूर्ण दिवसाच्या खाजगी गाइडच्या किंवा ड्रायव्हरच्या बाबतीत बहुतेक देशांत दिवसामागे, किंवा दर दिवशी दर माणशी, एक रक्कम धरली जाते. टिपेची अपेक्षा किती, हे त्या देशातील वेतनरचनेवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे, परंतु नियमितपणे टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने रोख फक्त 2.13 डॉलर द्यावेत आणि उरलेली रक्कम टिपेतून भरून निघाली असे मानावे, अशी मुभा कायदा देतो, हा 2.13 डॉलरचा आकडा 1991 पासून बदललेला नाही. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरावयाचा असतो, आणि कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांनी ही मुभा मान्य केलेली नाही. या तरतुदीचा मुख्य संबंध वाढप्यांसारख्या कर्मचाऱ्यांशी असला आणि प्रत्येक गाइडला ती लागू नसली, तरी ग्राहकाची टिप वेतनातच धरणारी ही व्यवस्था समाजाच्या एकूण अपेक्षेला वळण लावते, म्हणून तेथे खाजगी सहलीच्या किमतीच्या 15 ते 20 टक्के टिप नेहमीची मानली जाते. ही प्रथा अमेरिकेने मुकाट्याने स्वीकारली, असेही नाही. वॉशिंग्टन राज्याने 1909 साली टिपेवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले, आणि 1926 पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले.

फ्रान्समध्ये चित्र उलट आहे: 1987 पासून तेथील उपाहारगृहांना सेवेचा आकार धरूनच किंमत लिहावी लागते, त्यामुळे टिप ही पसंतीची लहानशी पावती ठरते. ऑस्ट्रेलियात किमान वेतन उंच असल्याने ती न दिल्यास कोणी वावगे मानत नाही. ब्रिटनमधील ब्लू बॅज ही पात्रता मिळवलेले गाइड बहुतांशी स्वतंत्र व्यावसायिक असतात आणि स्वतःचे शुल्क स्वतः ठरवतात. तेथे टिप स्वागतार्ह असली तरी त्यांचे उत्पन्न तिच्यावर बेतलेले नसते. जपानमध्ये टिपेची रीत नाही आणि हातात नोटा ठेवल्या तर त्या नम्रपणे परत केल्या जाण्याचा संभव असतो. कृतज्ञता व्यक्त करायचीच असेल तर पैसे लिफाफ्यात घालून देणे किंवा आपल्या प्रदेशातील एखादी भेटवस्तू देणे तेथील शिष्टाचाराला धरून होते. इजिप्तमध्ये मात्र गाइड, ड्रायव्हर, सामान उचलणारा, थडग्याचे दार उघडणारा रखवालदार अशा अनेकांना लहान लहान रकमा देण्याची रूढी आहे, आणि तेथे मोठ्या नोटेपेक्षा सुट्या पैशांची गरज अधिक भासते.

गैरसमज 4: बिलात सेवाशुल्क आहे, म्हणजे टिप दिली गेली.

वस्तुस्थिती: टिप ग्राहक स्वेच्छेने देतो आणि तिची रक्कम तोच ठरवतो, सेवाशुल्क आस्थापना ठरवते आणि ते तिच्या उत्पन्नात जमा होते. अमेरिकेच्या कर विभागाने 2012 साली हा भेद स्पष्ट केला, आणि त्यानुसार बिलात आपोआप लावलेली रक्कम टिप नव्हे तर सेवाशुल्क ठरते, तिच्यातून कर्मचाऱ्याला दिलेला वाटा वेतन ठरतो. ब्रिटनमध्ये मात्र 2023 साली संमत झालेला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून अमलात आलेला कायदा मालकाने टिपा आणि सेवाशुल्क कोणतीही कपात न करता, न्याय्य रीतीने कर्मचाऱ्यांत वाटावेत असे सांगतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये उपाहारगृहांनी सेवाशुल्क सक्तीने लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सरकारी शुल्काबाबतही असाच घोटाळा होतो. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाकडून दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क घेतले जाते, परंतु ते शासनाच्या तिजोरीत जाते. त्याचा सोबतच्या गाइडच्या किंवा ड्रायव्हरच्या मोबदल्याशी संबंध नसतो.

गैरसमज 5: टिप वाढवली की ड्रायव्हर हवा तेवढा वेळ थांबतो.

वस्तुस्थिती: युरोपीय संघात नऊपेक्षा अधिक जणांच्या, म्हणजे ड्रायव्हर धरून दहा किंवा जास्त आसनांच्या, वाहनाला 2006 च्या 561 क्रमांकाच्या नियमावलीचे बंधन आहे. दिवसाला नऊ तास, आणि आठवड्यातून फक्त दोनदा दहा तास, एवढेच वाहन चालवता येते. साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती आणि रोज सर्वसाधारणपणे सलग अकरा तासांची विश्रांती बंधनकारक असते. या वेळांची नोंद टॅकोग्राफ, म्हणजे वाहनात बसवलेले वेळ आणि वेग नोंदवणारे यंत्र, करत असते आणि उल्लंघनासाठी दंड होतो. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर आणखी एक फेरी मारण्यास नकार देणारा ड्रायव्हर आडमुठेपणा करत नसून कायदा पाळत असतो. लहान मोटारींना हे नियम लागू नसले तरी करारात ठरलेल्या तासांपलीकडचे काम हे जादा वेळेचे काम असते आणि त्याचा दर सहल चालवणाऱ्या संस्थेकडून आधीच ठरवून घ्यावा लागतो. ड्रायव्हरचे जेवण आणि मुक्काम यांचा खर्चही याच वर्गात मोडतो. त्याला आग्रहाने आपल्या पंक्तीला बसवणे हा सौजन्याचा भाग आहे. भत्ता आणि टिप या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज 6: गाइडला दुकानांकडून कमिशन मिळते, मग टिप कशाला?

वस्तुस्थिती: काही पर्यटनस्थळी गालिचे, रत्ने, अत्तरे, रेशीम यांच्या दुकानांत पर्यटक आणणाऱ्याला विक्रीतला वाटा मिळतो, हे खरे आहे; तो वाटा कोण देतो, याचे उत्तर मात्र वाढीव किंमत मोजणारा ग्राहक असेच येते. सहल खर्चापेक्षा कमी किमतीत विकायची आणि तूट दुकानांतून भरून काढायची, या प्रकाराला आळा घालण्यासाठी चीनने 1 ऑक्टोबर 2013 पासून अमलात आणलेल्या पर्यटन कायद्यात अवाजवी कमी किमतीच्या सहली आणि लादलेली खरेदी यांवर निर्बंध घातले. ज्या सहलीची किंमत इतरांपेक्षा विस्मयकारकरीत्या कमी असते, तिच्यात गाइडचे वेतन कोठून येते हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा, आणि दुकानांच्या भेटी नको असतील तर तसे कार्यक्रमपत्रिकेत लिहून घ्यावे. युरोपातील शहरांत लोकप्रिय असलेल्या ‘मोफत’ पदभ्रमंतीचेही तसेच आहे: प्रवाशाला प्रवेशशुल्क नसते, परंतु गाइडचे उत्पन्न बहुतांशी अखेरीस मिळणाऱ्या रकमेवरच चालते, आणि काही ठिकाणी त्याला आलेल्या प्रत्येक माणसामागे आयोजक संस्थेला पैसे द्यावे लागतात. येथे काहीही न देता निघून जाणाऱ्याचा भुर्दंड त्या गाइडला पडतो.

गैरसमज 7: उरलेली कोणतीही चिल्लर टिप म्हणून चालते.

वस्तुस्थिती: परकीय चलनाची नाणी बँका आणि चलन बदलून देणारे सहसा स्वीकारत नाहीत, त्यामुळे इजिप्तमधील ड्रायव्हरच्या हातावर ठेवलेली युरोची नाणी त्याला खर्चता येत नाहीत आणि नोटांत बदलूनही मिळत नाहीत. फाटक्या, लिहिलेल्या किंवा जुन्या मालिकेतील डॉलरच्या नोटाही अनेक आफ्रिकी आणि आशियाई देशांत नाकारल्या जातात. स्थानिक चलनातील लहान नोटा हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बहुसंख्य देशांसाठी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतचेच परकीय चलन रोख नेता येते आणि उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डासारख्या मार्गाने न्यावी लागते. टिप बहुधा रोखच द्यावी लागत असल्याने या मर्यादेत तिची तरतूद निघण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर ठरते.

या सर्व उदाहरणांवरून असे दिसते की, टिप किती द्यावी या प्रश्नाआधी किमतीत कोणाचे वेतन धरले आहे हा प्रश्न येतो. गाइड आणि ड्रायव्हर एकच की दोन, कामाचे तास किती, जादा तासाचा दर काय, ड्रायव्हरच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च कोणाकडे, पार्किंग व टोल कोणी भरायचे, दुकानांच्या भेटी आहेत काय, आणि टिप किमतीत आहे की नाही, एवढ्या गोष्टी आरक्षणापूर्वी लेखी ठरल्या, तर शेवटच्या दिवशी विमानतळावर अवघडलेली घासाघीस करावी लागत नाही. वेतन, भत्ता आणि जादा वेळ यांची रक्कम ज्याची त्याला आधीच मिळालेली असेल तेव्हाच टिप खऱ्या अर्थाने ऐच्छिक राहते, आणि तेव्हाच ती कमी द्यावी, जास्त द्यावी किंवा देऊच नये, हे केवळ कामाच्या गुणवत्तेवरून ठरवता येते.