दुय्यम विषय स्पॅनिश : एक हिशेब

अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्या समाजातील मुला-मुलींचा मुख्य विषय बहुधा संगणकशास्त्र, वित्त वा व्यवस्थापन हाच असतो. तेथील विद्यापीठांत मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय, म्हणजे ‘मायनर’, घेता येतो आणि त्यासाठी अनेक विद्यार्थी स्पॅनिश निवडतात. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न व्यापारी कुटुंबात उमटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कौतुकाने किंवा नाराजीने न देता जमाखर्च मांडून द्यावे, हेच श्रेयस्कर.

प्रथम जमेची बाजू. स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. खुद्द अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. भारताचा संबंधही दूरचा नाही. आपल्याकडे येणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा वाटा अर्जेंटिनाचा असतो. पेरू व बोलिव्हियातून सोने येते. पुण्याच्या बजाजच्या दुचाकी कोलंबियात धावतात. या व्यवहारांत दुभाष्याविना बोलू शकणाऱ्या माणसाचे मोल वेगळे असते.

मराठी जाणणाऱ्यास ही भाषा काही बाबतींत सोपीही जाते. ‘मे गुस्ता’ या शब्दांची रचना थेट ‘मला आवडते’ अशी आहे. इंग्रजी भाषकाला ती उलटी वाटते. ‘जातोस’ म्हटले की ‘तू’ वेगळे सांगावे लागत नाही, तसेच तेथेही क्रियापदावरून कर्ता कळतो. जवळच्या माणसाला ‘तू’ आणि मान देताना ‘उस्तेद’ असा भेदही आहे. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘पगार’ हा शब्द स्पॅनिशमध्ये ‘पैसे देणे’ या अर्थाने जसाच्या तसा भेटतो.

आता नावेची बाजू. मायनरसाठी साधारणपणे सहा अभ्यासक्रम, म्हणजे 18 क्रेडिट, लागतात. एक अभ्यासक्रम आठवड्याला तीन तास आणि सत्र पंधरा आठवड्यांचे धरले, तर वर्गातील तास होतात 270. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था मात्र आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशमध्ये कामकाज करता येण्यासाठी 600 ते 750 तास वर्गात बसवते. तूट उघड आहे. शिवाय अनेक विद्यापीठांत अगदी प्रारंभीचे अभ्यासक्रम मायनरमध्ये धरले जात नाहीत. शून्यापासून आरंभ करणाऱ्याला ती सत्रे वेगळी द्यावी लागतात. अशी चार सत्रे धरून दहा अभ्यासक्रम झाले, तरी बेरीज 450 तासांच्या पुढे जात नाही.

अपुऱ्या ज्ञानाची किंमत लहानशा प्रसंगातही मोजावी लागते. स्पेनमधील उपाहारगृहात ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाविना’, एवढेच सांगितले, तर ताटात मासा किंवा अंडे येऊ शकते. कारण ‘कार्ने’ या शब्दात तेथे मासा व अंडे सहसा धरले जात नाहीत. त्यांची नावे घेऊन स्वतंत्रपणे नाही म्हणावे लागते. शब्द पाठ असणे आणि समोरच्याला त्यातून काय समजते हे ठाऊक असणे, यांतील हे अंतर सौद्याच्या करारात अधिकच महाग पडेल.

यास्तव प्रवेशापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, विद्यापीठाची स्तरनिश्चिती परीक्षा दिल्यावर मायनरमध्ये धरला जाणारा पहिला अभ्यासक्रम कोणत्या सत्रात येईल? दुसरी, जादा क्रेडिटचे शुल्क वेगळे आहे काय? अनेक ठिकाणी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत एकच शुल्क असते. तसे असल्यास खर्च मुख्यतः वेळेचाच. तिसरी, एखादे सत्र स्पॅनिश भाषक देशात शिकून ते क्रेडिट मायनरमध्ये धरता येतात काय? वर्गातील तूट भरून काढण्याचा तो उत्तम मार्ग होय.

मायनरची नोंद गुणपत्रकात राहते, परंतु भाषेची पातळी तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘देले’ ही परीक्षा आहे. तिच्या ए1 पासून सी2 पर्यंत सहा पायऱ्या असून प्रमाणपत्राला मुदत नसते. दिल्लीतील इन्स्तितुतो सेर्व्हांतेस येथे ती भारतातही देता येते. मुलाची वा मुलीची पुढील तीन-चार वर्षे रोज थोडा वेळ या भाषेला देण्याची तयारी असेल, तर घरच्यांनी निःशंकपणे संमती द्यावी. केवळ गुणपत्रकातील एका ओळीसाठी हा विषय घ्यावयाचा असेल, तर तोच वेळ लेखाशास्त्राला द्यावा. भांडवल अपुरे घालून मांडलेले दुकान चालत नाही, हे व्यापारी घराला वेगळे सांगावयास नको.