लाल उजेडाची टोपी आणि विरळ होणारा भांग

आमच्या वाघोलीत केस गळाले की दोष ठरलेला असतो, टँकरच्या पाण्याचा. 2021 मध्ये गाव महापालिकेत आले, तरी अनेक सोसायट्यांचा टँकर सुटलेला नाही. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरे. पण तुटणे वेगळे आणि मुळातून बारीक होत जाणे वेगळे. हा फरक न पाहताच आता घरोघरी लेझरच्या टोप्या आणि कंगवे येऊ लागले आहेत. त्यांच्यामागचे शास्त्र किती पक्के आहे, हे मी तपासू लागलो.

त्याचा उगम बुडापेस्टमध्ये आहे. 1967 च्या सुमारास एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर लेझरमुळे कर्करोग होतो का, हे उंदरांवर पाहत होते. त्यांनी उंदरांच्या पाठी भादरून त्यावर मंद लेझर सोडला. कर्करोग झाला नाही. उलट प्रकाश पडलेल्या जागी केस लवकर उगवले. आजचे स्पष्टीकरण असे, की साधारण 630 ते 680 नॅनोमीटर लांबीची लाल लहर त्वचेत काही मिलिमीटर शिरते आणि पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या केंद्रांना चालना देते. त्यामुळे विसावलेली मुळे पुन्हा वाढीच्या अवस्थेत येतात, असे मानतात. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे.

2007 मध्ये ‘हेअरमॅक्स’ या लेझर कंगव्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुरुषांसाठी विक्रीची मुभा दिली. अशी मुभा म्हणजे उपकरण बाजारातल्या आधीच्या उपकरणांइतके सुरक्षित आणि परिणामकारक आहे, एवढेच. नव्या औषधाची कसोटी याहून कडक असते. जाहिरात मात्र दोन्हींना ‘मान्यता’ हा एकच शब्द वापरते.

2014 मध्ये याच कंगव्याच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. 128 पुरुष आणि 141 स्त्रिया, आठवड्यातून तीनदा, 26 आठवडे. खऱ्या कंगव्याने एका चौरस सेंटीमीटरला सुमारे 18 ते 26 केस वाढले. लेझर नसलेल्या नकली कंगव्यानेही दोन ते नऊ वाढले. फरक खरा आहे, पण माफक. चाचणीचा खर्च उत्पादक कंपनीचा होता, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय हे आकडे त्या कंगव्याचे. साध्या एलईडी दिव्यांच्या कोणत्याही टोपीला ते आपोआप लागू होत नाहीत.

हे सारे आनुवंशिक केसगळतीपुरते. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. तिथे उपचार वेगळा. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतात. त्याच सहा महिन्यांत कोणी टोपी घातली, तर श्रेय टोपीला जाते. ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबताना हे विसरले जाते. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाची कमतरता उजेडाने भरून निघत नाही.

शेगाव तालुक्याचे उदाहरण ताजे आहे. 2024 च्या अखेरीस तिथल्या गावांत काही दिवसांत लोकांची डोकी उघडी पडली. तिथेही आधी पाण्यावरच संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. केस डोक्यावरून जातात, कारण मात्र ताटात, रक्तात किंवा वंशात असू शकते.

म्हणून क्रम असा असावा: आधी त्वचारोगतज्ज्ञ, गरज पडल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी, मग मिनॉक्सिडिलसारखे अधिक तपासलेले औषध. लेझर त्याच्या जोडीला, परवडत असेल तर. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून चार-सहा महिन्यांआधी निकाल लावू नये. वापर थांबला की लाभही ओसरतो. प्रकाश डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि पूर्ण गुळगुळीत टकलावर पैसे घालू नयेत, कारण जागवायला तिथे मुळेच उरलेली नसतात.