खुल्या ज्ञानभांडाराची किल्ली

पूर्वी रुग्ण दवाखान्यात यायचा तो जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन. आता पिशवीबरोबर मोबाईलही येतो. "डॉक्टरसाहेब, यात लिहिलं आहे की अमुक गोळी घातक असते," असे म्हणत नातेवाईक पडदा माझ्यासमोर धरतात. कुणी लिहिले, कधी लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले, याचा त्यात पत्ता नसतो. मोबाईलवर वाचू नका, असा सल्ला देऊन काही उपयोग नाही. लोक वाचणारच. मग ज्या झऱ्यातून स्वच्छ पाणी मिळते तो झरा दाखवावा, या हेतूने आजचा लेख.

वैद्यकीय संशोधनाचे मूळ लेख, विद्यापीठांचे प्रबंध, जुने ग्रंथ, चित्रे, नकाशे असे प्रचंड साहित्य आज एक पैसाही न देता कुणालाही वाचता येते. त्याची खुली भांडारे तयार झाली आहेत. साकोलीच्या बसस्टँडवर बसूनही ती उघडतात. मात्र भांडारात शिरताना काय पाहावे आणि कशापासून सावध राहावे, हे माहीत असायला हवे.

आधी कुलूप होते

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे 'सर्च' ही संस्था उभारली. १९८९ साली त्यांचा एक लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. पुढे १९९९ साली त्याच साप्ताहिकात त्यांचा नवजात बालकांवरील अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बाळांची काळजी घेतली गेली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

या अभ्यासाचे फळ आज आपल्या प्रत्येक गावात आहे. २०११ पासून देशभर 'आशा' कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा वेळा आणि घरी झाले असेल तर सात वेळा. बाळाचे वजन, ताप, श्वास, स्तनपान ती तपासते. त्यामागचे शास्त्र गडचिरोलीच्या खेड्यांत तयार झाले.

पण हे ज्ञान छापले गेले लंडनमध्ये. त्या काळी असे परदेशी नियतकालिक पाहायचे तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे ग्रंथालय गाठावे लागे. तालुक्याच्या डॉक्टरला ते कठीण, मग ज्या बायकांवर अभ्यास झाला त्यांच्या घरच्यांची गोष्टच सोडा. आजही अनेक परदेशी नियतकालिकांतील एकेक लेख विकत घ्यायचा म्हटले तर दोन-तीन हजार रुपये मोजावे लागतात. रक्त आपल्या माणसांचे, गाव आपले, आणि निष्कर्ष मात्र कुलपात, अशी ही परिस्थिती होती.

कुलूप कसे उघडले

पहिले पाऊल पदार्थविज्ञानाच्या संशोधकांनी टाकले. १९९१ साली अमेरिकेत पॉल जिनस्पार्ग यांनी 'अर्काइव्ह' नावाचे भांडार सुरू केले. छापून येण्याची वाट न पाहता संशोधकांनी आपला लेख तेथे ठेवायचा आणि जगाने तो फुकट वाचायचा. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 'पबमेड सेंट्रल' उघडले. त्यात आज सुमारे एक कोटी लेख संपूर्ण वाचता येतात. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना खुले असावे, ही मागणी जगापुढे ठेवली.

आपला महाराष्ट्रही यात मागे राहिला नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व के. ई. एम. हॉस्पिटलतर्फे १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघते. ते इंटरनेटवर सर्वांना खुले आहे. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे मुंबईहूनच निघणारे नियतकालिकही तसेच. डॉक्टरने रुग्णाशी कसे वागावे, रुग्णाचे हक्क कोणते, यावरील त्यातले लेख सुशिक्षित वाचकाला सहज समजतील असे आहेत.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. योजना चांगली आहे. पण तिचा लाभ त्या संस्थांतील विद्यार्थ्यांना व शिक्षकांना. तालुक्यातला खाजगी डॉक्टर, शेतकरी, गृहिणी यांच्यासाठी खुली भांडारेच उपयोगाची.

भांडारात काय काय असते?

फक्त औषधांचे लेख असतील असे समजू नका. आपल्या देशाचे 'शोधगंगा' हे भांडार पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ते चालविले आहे. देशभरच्या विद्यापीठांत पीएच. डी. साठी लिहिलेले लाखो प्रबंध त्यात आहेत. रक्ताच्या आजारांपासून भातशेतीपर्यंत, आणि लोकसाहित्य, बोली, रंगभूमी यांवरील मराठी प्रबंधही. पूर्वी असा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडे.

आयआयटी खरगपूरने तयार केलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' शाळेच्या मुलांपासून संशोधकांपर्यंत सर्वांसाठी आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला 'मराठी विश्वकोश' इंटरनेटवर विनामूल्य आहे. शरीररचना, रोग, औषधे यांवरील त्यातील नोंदी शुद्ध मराठीत आहेत. इंग्रजीची धास्ती वाटणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी.

चित्रांचेही तसेच. 'ग्रेज अॅनाटॉमी' हा शरीररचनेचा ग्रंथ डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचला. १८५८ साली निघालेल्या या ग्रंथातील चित्रे काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. ते त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होते. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर त्यांनी १८७४ साली सचित्र ग्रंथ लिहिला. या जुन्या चित्रांवर आज कुणाचाही हक्क उरलेला नाही. ती खुल्या भांडारांत आहेत. शाळेतल्या शिक्षकांना हृदयाचे किंवा हाडांचे उत्तम चित्र वर्गात लावायचे असेल तर ते तेथून घेऊन छापता येते.

ज्या साहित्यावर लेखकाचा हक्क आहे, त्यासाठीही सोय आहे. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने आहेत. माझे नाव द्या आणि खुशाल वापरा, असे लेखक त्यात आधीच लिहून ठेवतो. परवाना कोणता आहे ते तेवढे पाहावे.

येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. झाडीबोलीचा कसून अभ्यास आपल्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला. अशा कामाची पुस्तके थोड्या प्रती निघून संपतात. ती खुल्या भांडारात गेली तर नागपूर-मुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरलाही उपयोग होईल. रुग्ण आपले दुखणे आपल्या बोलीत सांगतो. तो शब्द कळला नाही तर निदानही चुकते.

खुले म्हणजे खरे नव्हे

आता सावधगिरीची गोष्ट. भांडार खुले आहे म्हणून त्यातले प्रत्येक वाक्य प्रमाण मानू नये. 'प्रीप्रिंट' नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच संशोधकाने ठेवलेला लेख. भाजी चुलीवर आहे, शिजली की नाही हे अजून कुणी पाहिलेले नाही, असे समजा.

कोरोनाच्या काळात याचा मोठा धडा मिळाला. जंतांवरचे 'आयव्हरमेक्टिन' हे औषध कोरोनावर रामबाण आहे, असे सांगणारा इजिप्तमधील अभ्यास नोव्हेंबर २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणून ठेवला गेला आणि जगभर गाजला. लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तो बारकाईने वाचला. मजकुरात उचलेगिरी आणि आकड्यांत घोळ त्याच्या लक्षात आला. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास भांडारातून मागे घेण्यात आला. दरम्यान हे औषध अनेक देशांत वाटले गेले. आपल्या शेजारच्या गोव्यातही मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा झाली होती. पुढे मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या औषधाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी होत नाही, असे त्यात दिसले.

यातून दोन्ही बाजू शिकण्यासारख्या आहेत. खुल्या भांडारातून चुकीची गोष्ट वेगाने पसरली, हे खरे. पण लेख खुला होता म्हणूनच एका विद्यार्थ्याला ती पकडता आली, हेही तितकेच खरे.

दुसरा धोका पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा. नाव भारदस्त असते, पण तपासणी शून्य. खुली नियतकालिके तपासून त्यांची यादी ठेवणारी 'डीओएजे' नावाची सूची आहे. नियतकालिक तिच्यात आहे का, ते पाहावे.

वाचताना हे पाच प्रश्न विचारा

१. लेख कोणी लिहिला आणि कोणत्या संस्थेतून? नाव-गाव नसेल तर पुढे वाचू नका.

२. तज्ज्ञांनी तपासलेला आहे की प्रीप्रिंट? लेखाच्या डोक्यावर हे लिहिलेले असते. लेख मागे घेतला असेल तर तसा शिक्काही तेथेच दिसतो.

३. अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर? उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होईलच असे नाही.

४. किती जणांवर झाला, आणि औषध न दिलेल्यांशी तुलना केली का? दहा जणांना बरे वाटले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

५. अभ्यासाचा पैसा कोणी दिला? औषध कंपनीने दिला असेल तर तसे लेखाच्या शेवटी नमूद असते.

सर्व लेख वाचण्याची गरज नाही. सुरुवातीचा सारांश आणि शेवटचा निष्कर्ष वाचला तरी पुष्कळ कळते. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवा. 'कॉक्रेन' या संस्थेने अनेक अभ्यासांचे एकत्र सार काढून सोप्या भाषेत दिले आहे, तेही विनामूल्य आहे.

आपल्या घरचे उदाहरण

हे सगळे आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. तर सिकलसेलकडे पाहा. पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे आणि तो कोण्या एकाच समाजाचा नाही. मध्य भारतातील सिकलसेलवर नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आला. तो येथल्या किती जणांनी पाहिला असेल? २०१६ साली मध्य भारतातील नवजात बाळांच्या सिकलसेल तपासणीवरचा अभ्यास 'प्लॉस वन' या खुल्या नियतकालिकात आला. तो आज साकोलीतल्या कोणत्याही आईबापाला पूर्ण वाचता येतो. फरक आहे तो हा.

या आजारात 'हायड्रॉक्सीयुरिया' हे औषध दुखण्याचे झटके कमी करते, हे १९९५ सालच्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झाले आणि त्यानंतर अनेकदा तपासले गेले. तरीही, "ही कॅन्सरची गोळी आहे," असा निरोप मोबाईलवर वाचून मुलांची गोळी परस्पर बंद करणारे पालक आम्हाला भेटतात. काही दिवसांनी तेच मूल अंग दुखत, विव्हळत दवाखान्यात येते. ही गोळी कॅन्सरच्या काही प्रकारांतही वापरतात, एवढे खरे. पण सिकलसेलमध्ये तिचा डोस ठरवून, ठरलेल्या वेळी रक्त तपासून ती दिली जाते. मूळ अभ्यास वाचला असता, किंवा वाचून डॉक्टरला विचारले असते, तर त्या लेकराचे हाल टळले असते.

तसेच लग्नाचे. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. वाहक माणूस सहसा आजारी नसतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. पत्रिका जुळवण्याआधी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या.

शेवटी एवढेच सांगतो. वाचलेल्या लेखाच्या भरवशावर चालू औषध बंद करू नका, नवे सुरू करू नका. लेखाचे नाव कागदावर लिहून आपल्या डॉक्टरकडे आणा आणि निःसंकोच विचारा. विचारल्याचा राग धरणारा डॉक्टर असेल तर तो त्याचा दोष, तुमचा नव्हे. आणि एखाद्या रविवारी मुलांना सोबत घेऊन 'मराठी विश्वकोश' उघडा. त्यात 'हृदय' ही नोंद काढून वाचा. भांडाराची किल्ली हाती आल्याचे तुम्हालाच कळेल.