फुटबॉल प्रशिक्षकाची नैतिक जबाबदारी



कोप्पीकर रोडच्या गजबजाटात मोकळे मैदान मिळणे कठीण. तरीही मुलांना फुटबॉलची ओढ आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मैदानावर मूल प्रशिक्षकाच्या हाती असते. कित्येकदा ते आई-वडिलांपेक्षा 'सरांचा' शब्द अधिक मानते. म्हणूनच प्रशिक्षकाचे काम किक आणि पास शिकवून संपत नाही.

आपल्या जवळच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार अशी तालीम मंडळे फुटबॉलचे संघ चालवतात. तिथलाच रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला व २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आई-वडील मूल असे दूर पाठवतात ते केवळ विश्वासावर. हा विश्वास राखण्यासाठी प्रशिक्षकाने चार गोष्टी पाळल्या पाहिजेत.

१) खरे वय : खोटा दाखला देऊन मोठ्या मुलाला लहान गटात खेळवले की खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते आणि संघ खोटेपणा शिकतो. २००९ पासून फिफाने १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. २०१० मध्ये केंद्र शासनाने वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली.

२) शरीराची काळजी : वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे हे नेहमीच आळसाचे सोंग नसते, त्याला विश्रांती लागते. डोक्याला मार लागून गरगरले तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडिंग न देण्याची सूचना आहे.

३) सुरक्षितता : २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून एका सहायक प्रशिक्षकाला परत बोलावून पदावरून काढण्यात आले. राष्ट्रीय संघात असे घडू शकते, तर शाळेने गाफील राहून चालणार नाही. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अशा अपराधाची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेचे नाव खराब होईल' ही सबब कायदा मानत नाही.

४) समान वागणूक : कच्च्या खेळाडूलाही खेळायला मिळावे. हरल्यावर अपमान, शिवीगाळ वा मारहाण नको. पंचांशी हुज्जत घालणारा प्रशिक्षक मुलांना तेच शिकवत असतो.

विश्वस्त मंडळास विनंती की, प्रशिक्षक नेमताना त्याच्या मागील कामाची चौकशी व्हावी. बाहेरगावच्या सामन्यांना किमान दोन मोठी माणसे सोबत असावीत आणि मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका असावीच. प्रशिक्षकाने मुलांना मोबाइलवर खासगी संदेश पाठवू नयेत; निरोप पालकांमार्फत जावा.

पालकांनी सामन्यानंतर 'किती गोल केलेस?' याआधी 'मजा आली का?' असे विचारावे. मुलाने अचानक सरावाला जाण्याचे टाळले तर रागावण्याआधी कारण ऐकून घ्यावे.

आणि मुलांनो, सरांचा आदर जरूर करा. पण कोणाचे वागणे खटकले तर घरी किंवा शिक्षकांना निःसंकोच सांगा. १०९८ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे. तक्रार केली म्हणून कोणाचेही संघातील स्थान जाता कामा नये, ही शाळेची जबाबदारी आहे.

— मुख्याध्यापक