हुडी घेताना : उबेची पारख



दिवाळी सरली की आठवडी बाजाराच्या एका कडेला गरम कपड्यांचे ढीग पडू लागतात. पूर्वी त्या ढिगांत घोंगड्या, कानटोप्या आणि स्वेटर एवढेच असे. आता त्यांच्या शेजारी जाड कापडाचा, पोटावर खिसा आणि मानेमागे टोपी शिवलेला सदरा येऊन बसला आहे. पोरे त्याला ‘हुडी’ म्हणतात. नाव परके, पण वस्तू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तान्ह्या बाळाची कुंची आठवा. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेणारा मेंढपाळ आठवा. डोके, मान आणि पाठ एकाच वस्त्रात झाकायची ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात थंड गोदामांत राबणाऱ्या मजुरांसाठी आणि खेळाडूंसाठी असे टोपीचे सदरे निघाले, आणि पुढे ते जगभर पसरले.

आता कुणी म्हणेल, ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी?’ पण डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. निफाडच्या द्राक्षबागाईतदारांना थंडी काय असते हे सांगायला नको. शिवाय शेतकऱ्याची थंडी ही घरात बसून सोसायची थंडी नव्हे. विजेची पाळी रात्रीची आली, तर गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री रानात जावे लागते. म्हणून हा कपडा घेताना रंग आणि छातीवरची अक्षरे पाहून भागत नाही. चांगली हुडी घ्यायची म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी मोजावी लागते. ते पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून हा चार शब्दांचा खटाटोप.

पहिली गोष्ट ध्यानात धरा : कोणताही कपडा ऊब तयार करीत नाही. ऊब तयार होते ती आपल्या शरीरात. कपड्याचे काम राखणदाराचे. आणि ही राखण खरे पाहता धाग्यापेक्षा धाग्यांच्या मध्ये अडकलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. पाण्यातून ती हवेच्या मानाने वीसपटींहूनही अधिक सहज निघून जाते. एवढे एक तत्त्व कळले की पुढची सारी पारख त्यातून आपोआप निघते : हवा धरून ठेवील तो कपडा उबदार, वाऱ्याने ती हवा उडाली किंवा पाण्याने तिची जागा घेतली, की ऊब संपली.

गुरुजींना हे वर्गात सहज दाखवता येईल. तीन सारखे तांबे घ्या. तिन्हींत सारखेच कढत पाणी भरून वर झाकणी ठेवा. एक उघडा ठेवा, दुसरा कोरड्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि तिसरा तसल्याच ओल्या तुकड्यात. अर्ध्या तासाने तापमापकाने पाहा. कोरड्या घोंगडीतला तांबा सर्वांत गरम राहिलेला दिसेल. ओल्या घोंगडीने काय राखले, हे मुलांनाच बोलू द्या.

आता बाजारात चला. दुकानदार ‘जीएसएम’ असा शब्द सांगेल. त्याचा अर्थ सोपा आहे : एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. उन्हाळी टी-शर्टाचे कापड १५० ते १८० च्या आसपास असते. हुडीचे कापड ३५० किंवा त्याहून वर गेले, की तिला जाड म्हणतात. काही ५०० पर्यंतही जातात. जाड कापड अधिक टिकते, लवकर विरत नाही, कोपरांवर फाटत नाही. पण नुसते वजन म्हणजे ऊब नव्हे. घट्ट विणलेले, गुळगुळीत, जड कापड एखाद्या हलक्या पण लवदार कापडापेक्षा कमी उबदार निघू शकते; कारण हवा धरायला त्यात जागाच नसते. म्हणून हुडी आधी उलटी करा आणि आतली बाजू पाहा. आत बारीक फासे दिसले तर ती हलक्या गारठ्याची. ते फासे घासून मऊ लव काढलेली असेल तर ती खऱ्या थंडीची. लवेवरून तळहात दाबून फिरवा; केस सुटून हाताला चिकटले तर ती लव चार धुण्यांतच झडेल.

दुसरी पारख धाग्याची. निव्वळ सुती हुडी अंगाला सुखकर, पण पाणी पिते आणि लवकर वाळत नाही. आमचा एक विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात मोठ्या हौसेने जाड सुती हुडी घालून गव्हाला पाणी द्यायला गेला. बारे धरता धरता बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. पहाटे घरी आला तेव्हा दात वाजत होते आणि शब्द नीट फुटत नव्हता. आईने आधी ओला कपडा उतरवला, कोरडी घोंगडी पांघरली आणि मगच चहा दिला. त्या माउलीने केलेला क्रम अगदी बरोबर होता. लोकरीची खुबी अशी, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ आणि दमटपणा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून चटकन वाळते. तेव्हा ओल्यात काम करणाऱ्याने सुती हुडीवर विसंबू नये. आत लोकरी स्वेटर, वर सुती-पॉलिएस्टर मिश्रणाची हुडी, आणि वारा असेल तर त्यावर प्लास्टिकचा रेनकोट, असे थर करावेत. दोन थरांमध्ये अडकलेली हवा फुकटची असते!

पण पॉलिएस्टरची एक मेख आहे, आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. तो धागा पेटला की वितळतो आणि कातडीला चिकटतो. लवदार सुती कापडावरूनही ज्वाळा भरकन धावते. लोकर सहसा पेट घेत नाही. घेतलाच तर विस्तवापासून दूर होताच बहुधा विझते. पहाटेच्या शेकोटीभोवती बसणारी मुले आणि चुलीपुढे बसणारी माणसे यांनी हे विसरू नये. धागा ओळखायचा असेल तर आतल्या शिवणीतला एक दोरा काढून मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. जळत्या कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. जळत्या केसांचा वास म्हणजे लोकर. आणि वितळून कडक मणी झाला म्हणजे पॉलिएस्टर किंवा तसलाच दुसरा कृत्रिम धागा.

तिसरी पारख शिवणीची. बाहीची आणि कमरेची पट्टी ताणून सोडा. ती झटकन पूर्ववत झाली पाहिजे. सैल पट्टीतून आतली गरम हवा निसटते. खांदा आणि काख यांवर दुहेरी टीप आहे का, खिशाचे कोपरे पक्के आहेत का, हेही पाहा. टोपी दुपदरी असावी. डोक्यातूनच निम्मी उष्णता जाते असे पुष्कळजण सांगतात, ते खरे नाही. डोके आपल्या आकाराच्या मानानेच उष्णता घालवते, सुमारे एक दशांश. तरीही टोपीने कान आणि मान झाकली जाते, आणि पहाटेच्या वाऱ्यात हा लाभ लहान नाही. पुढे चेन असलेली हुडी दुपारच्या उन्हात उघडता येते, पण चेनीतून वारा शिरतो; चेनीमागे कापडी पट्टी असेल तर उत्तम. माप असे घ्या, की आत सदरा मावेल. पण गळ्यापाशी आणि कमरेपाशी घोळ नको.

टोपीच्या दोरीविषयी मात्र कळकळीने सांगतो. लहान मुलांच्या हुडीतली दोरी घरी आणल्याबरोबर ओढून काढून टाका. झोपाळ्यात, सायकलीत, दाराच्या कडीत ती अडकते आणि गळ्याला फास बसतो. मोठ्यांनीही मळणी यंत्राजवळ किंवा इंजिनाच्या पट्ट्याजवळ लोंबती दोरी आणि घोळदार बाही घेऊन उभे राहू नये.

राहता राहिली निगा. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून माप थोडे सैल घ्या आणि गरम पाणी टाळा. हुडी उलटी करून धुवा, पिळून दोरीवर टांगू नका. पाणी दाबून काढा आणि पसरून सावलीत वाळवा. थंडी सरली की धुऊन, अगदी कोरडी करून ठेवा. लोकरीचे कपडे मात्र मळके ठेवले तर कसर हमखास लागते.

आणि शेवटी एक गोष्ट. घरात घोंगडी असेल तर नव्या हुडीच्या कौतुकात ती अडगळीत टाकू नका. तरुण पोराला हुडी शोभेल, कामाला ती सुटसुटीतही पडेल. पण रात्री रानात जाताना त्याच्या खांद्यावर एक कोरडी घोंगडी असू द्या. बाह्या भिजल्या, तर पहाटेपर्यंत तीच त्याची राखण करील.