नावामागचा ठसा

एखाद्या समाजातली सगळी माणसे एकसारखीच असतात, ही ठरून गेलेली समजूत म्हणजे साचेबद्ध प्रतिमा, अर्थात ‘स्टिरिओटाइप’. हा शब्द मूळचा छापखान्यातला. अख्ख्या पानाचा एकदाच ओतलेला ठसा, ज्यातून तीच छपाई पुन्हा पुन्हा निघते. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये हा शब्द माणसांविषयीच्या समजुतींना लावला. अशा समजुतीला नावड, भीती किंवा तुच्छता चिकटली की पूर्वग्रह तयार होतो; तो वागण्यात उतरला की भेदभाव.

समजुतीशी जुळणारे प्रसंग मनात ठसतात, न जुळणारे अपवाद म्हणून सोडून दिले जातात. त्यामुळे ठसा सहज पुसला जात नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये ही नोंद रद्द झाली. पण त्या जमातींपैकी पारधी समाजाभोवतीचा संशय अजून सरलेला नाही.

भेदभाव मोजताही येतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी होती.

ज्याच्यावर ठसा मारला जातो, त्याचे नुकसान आणखी खोलवर होते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर नावासोबत जात वाचून दाखवली, तेव्हा मात्र दलित मुले मागे पडली.

यावर उपाय आहेत. नाव झाकून अर्ज तपासावेत, मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांनी समान दर्जाने एकत्र काम केले की पूर्वग्रह ओसरतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. माणसाला जोखण्याआधी त्याचे आडनाव विचारण्याची सवय प्रत्येकाने सोडायला हवी. कारण जात पुकारली नव्हती, तेव्हा उत्तर प्रदेशातली ती दलित मुले बरोबरीचीच होती.