कोल्हा शासनाचा, करडू कुणाचे?

शहादे तालुक्यात गोमाई नदीच्या काठी आमच्या एकत्र कुटुंबाची थोडी शेती आहे. गेल्या हंगामात उसाची तोड सुरू झाली आणि उसात दडलेले कोल्हे उघड्यावर आले. एका पंधरवड्यात आमच्या सालदाराची तीन करडे नाहीशी झाली. रविवारी ओट्यावर घरची मंडळी जमली. कुणी म्हणाले, मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून बांधावर टाकावे. कुणी कुंपणात वीज सोडण्याची सूचना केली. थोरले काका जुन्या बंदुकीच्या आठवणीत रमले. सालदार खाली अंगणात उभा राहून सारे ऐकत होता. त्याला विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मालक, कोल्हा मारून माझी करडे परत येणार नाहीत. पण पुढची राखायची कशी, ते सांगा.”

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने अंतर्मुख व्हावे असे ते वाक्य होते. कारण त्या ओट्यावर बसलेल्या आम्हां कुणाचेही काही गेले नव्हते. गेले होते ते अंगणात उभ्या असलेल्या माणसाचे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूची नव्याने लावल्या गेल्या आणि कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीला, जाऊन बसला. या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. परंतु तो मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल, तरच. त्यातही त्याला पकडणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी त्यांची खात्री व्हावी लागते. करडू नेले, एवढे कारण पुरत नाही. गंमत अशी की, मारला गेलेला अथवा मृत सापडलेला वन्यप्राणी कायद्याने शासनाची मालमत्ता ठरतो. मेलेल्या कोल्ह्याला असा धनी आहे; जिवंत कोल्ह्याने केलेल्या नुकसानीचा धनी मात्र ज्याचे त्यालाच व्हावे लागते.

मग शिकारच मोकळी करावी काय? खानदेशला हा प्रयोग नवा नाही. १८२५ साली भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन केला तो त्यांच्यासोबत वाघांच्या शिकारी करूनच. इंग्रज सरकार हिंस्र श्वापदे मारणाऱ्यांना इनामे देत असे. वाघ तर गेलेच. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गरिबाचे गुरू त्यामुळे कायमचे निर्धास्त झाले, असे कुणी म्हणणार नाही. आज त्याच पायथ्याच्या उसात बिबट्या वावरतो. दुसरीकडे याच मुलखातील आदिवासी समाजाने वाघदेवाची पूजा आजवर चालविली आहे. श्वापदाशी वैर आणि त्याच्याशी करार, अशा दोन्ही वाटा या मातीला ठाऊक आहेत.

अमेरिकेचा अनुभव याहूनही बोलका आहे. तेथे कोल्ह्याचा एक भाऊबंद आहे. त्याला कायोटी म्हणतात. मेंढपाळांच्या तक्रारींवरून १९३१ साली तेथील संसदेने कायदा करून त्याच्या निर्मूलनाचे काम कृषी खात्याकडे सोपविले. बंदूक, सापळा, विष, पुढे विमानातून गोळीबार, असे सारे उपाय झाले. विषाने इतर प्राणी-पक्षीही मरू लागले, तेव्हा अध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये संघराज्याच्या जमिनींवर त्याचा वापर थांबविण्याचा आदेश काढला. ही बंदी पुढे काहीशी सैल झाली. आपला अधिनियम त्याच वर्षी सप्टेंबरात झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. अमेरिकेतील सरकारी यंत्रणा आजही वर्षाकाठी पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारते. परिणाम काय? पूर्वी पश्चिमेच्या माळरानांत राहणारा हा प्राणी आता अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला आहे. कळपातील काही मारले की उरलेल्यांना अन्न मुबलक मिळते, अधिक पिल्ले जगतात आणि रिकामी जागा भरून निघते. खर्च दरवर्षीचा, प्रश्न जागच्या जागी!

आता कोल्ह्याची खातेवही मांडू. “कोल्हा काकडीला राजी” ही म्हण उगाच पडलेली नाही. तो बोरे खातो, काकडी-टरबूज खातो, ऊस चघळतो. ही खर्चाची बाजू. पण त्याच्या आहारात उंदीर-घुशी फार, आणि मेलेली जनावरेही तोच साफ करतो. ही जमेची बाजू. उंदीर कमी झाले तर लाभ कुणाचा? उसाच्या आणि गव्हाच्या मालकाचा, म्हणजे आमचा. करडू गेले तर तोटा कुणाचा? भूमिहीन सालदाराचा. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. खरे तर ती त्याची बँकही असते. लेकीचे बाळंतपण, दवाखाना, शाळेची फी, सारे तिच्यावर भागते. आमच्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, पोरे आणि शेळ्या. राखणदार सर्वांत दुबळा असतो, नेमक्या त्याच दिवसांत ऊस तुटून कोल्हा बाहेर पडतो. लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, अशी ही विषम वाटणी आहे. शिकारीची मागणी तिच्यातून जन्मते.

राज्य शासनाच्या भरपाईच्या योजनेत कोल्ह्याचा समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. परंतु भरपाई मिळते ती बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती. उरलेला चतुर्थांश कुणी सोसायचा? शिवाय मुदतीत खबर द्यायची, पंचनामा करवून घ्यायचा, आणि पुरावा म्हणून दाखवायचे काय? कोल्हा करडू उचलून नेतो. मागे रक्ताचे चार थेंब राहतात. बिबट्याने मारलेली गाय जागेवर सापडते, करडू सापडत नाही. एका करडासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडविणे परवडत नाही, म्हणून माणूस अर्जच करीत नाही. दप्तरात नोंद नाही, म्हणून नुकसानही नाही, असा हिशेब मग कागदावर तयार होतो.

या स्थितीत विषाचा मार्ग सोपा वाटतो, पण त्या कोंबडीला तोंड लावणाऱ्यांत गावची कुत्री असतात, घारी असतात. विजेच्या तारेला तर पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतकरीही चिकटतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वारंवार वाचतो.

उपाय साधे आहेत, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित आहेत. रात्री करडे बंद राहतील असा, जाळी लावलेला पक्का गोठा हा पहिला. मेलेली जनावरे आणि कोंबड्या गावाच्या कडेला न टाकता पुरणे, हा दुसरा. तिसरा उपाय शासनाने करावा: लहान जनावरांच्या बाबतीत ग्रामसभेची साक्ष पुरावा म्हणून स्वीकारावी आणि भरपाई पूर्ण भावाने द्यावी. वन्यजीव ही साऱ्या समाजाची ठेव आहे असे आपण म्हणतो. मग तिचा कर एकट्या शेळीवाल्याकडून वसूल का व्हावा? आणि जमीनधारकांनीही हात झटकू नयेत. ज्याच्या शेतातले उंदीर कोल्हा खातो, त्याने जाळीच्या खर्चाला हातभार लावणे, हा धर्मादाय नव्हे. घेतलेल्या सेवेचे ते मोल आहे.

त्या रविवारी आमच्या ओट्यावर बराच वाद झाला. बंदूक निघाली नाही, विषही आणले गेले नाही. शेवटी गोठ्याची जाळी आणि दार यांचा खर्च शेतीच्या खर्चात धरायचे ठरले. काका कुरकुरले; पण खताच्या आणि मजुरीच्या ओळीखाली तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. सालदाराची गेलेली तीन करडे मात्र अजून कुठल्याही वहीत जमा झालेली नाहीत.